गिरणीच्या बाकड्यावरचा एक नंबर

धसईच्या बाजारात एसटीच्या थांब्याला लागून आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या दाराशी एक बाकडं आहे, आणि ते मी अजून चुलीत घातलेलं नाही याचं माझं मलाच नवल वाटतं. दळण टाकून माणसं तिथे बसतात. दळण दहा मिनिटांत होतं, माणसं दोन तास उठत नाहीत. बसून करतात काय, तर आजवरचा एक नंबरचा पखवाजी कोण, यावर भांडतात.

भांडणारे मुख्य दोघे. एक भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांची सासुरवाडी आमच्या गावातली, म्हणून इथे घर बांधून राहिलेत. ते शहापूरच्या बाजूने. दुसरा नात्याने माझा दीर लागतो, भेंडी-काकडी पिकवतो. तो मुरबाडच्या बाजूने. धरणवाल्यांचा देव म्हणजे तानसाकडचा एक डावखुरा. त्याची थाप तळ्याच्या या काठाला पडली की त्या काठाला ऐकू जायची म्हणे. दिराचा देव म्हणजे टोकावड्याकडचा एक शिंपी. उभा जन्म शिवणयंत्रावर पाय, त्यामुळे लय कधी तसूभर पुढे सरकली नाही म्हणे. दोघेही देव केव्हाच वारले. डावखुऱ्याला तर धरणवाल्यांनी लहानपणी एकदाच ऐकलं होतं, तेही मांडवाच्या मागे उभं राहून.

"तो डावखुरा नवताच," दीर म्हणायचा. "उलटा बसायचा."

"उलटा कसा बसेल? देवाकडं पाठ करून?"

यावर एक अख्खा पावसाळा गेला. मी खोटं सांगत नाही. त्यात गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही सगळं ऐकू जायचं आणि त्यांतलेही कुणी कुणी आपापल्या गावचा पखवाजी घेऊन भांडणात उतरायचे. कधी कॉलेजातली पोरं हळदीला वाजणाऱ्या बँजो पार्टीतल्या ढोलकीवाल्याचं नाव काढायची, की हे दोघे एकदम एक व्हायचे. "तो काय मोजायचा?" दोघेही म्हणायचे आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडायचे. माझे कान किटले होते.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. त्याच बाकड्याच्या कडेला माझे सासरे बसायचे. आमच्या देवळात गुरुवारच्या भजनाला पन्नासेक वर्षं पखवाज त्यांचाच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच गुरुवारी सासूबाईंनी मला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे ही कणीक. घट्ट नको, सैल नको, मीठ नको. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पोळ्यांचं पीठ एकवेळ बिघडलं तर बाबा काही म्हणायचे नाहीत, पण पखवाजाची कणीक सैल झाली की दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत.

असा माणूस शेजारी बसलेला, आणि या दोघांच्या यादीत त्यांचं नाव नाही. पाच नावं घ्या, दहा घ्या, बाबा नाहीत. बाबा तोंडाने काही बोलत नसत, पण नावं सुरू झाली की हातातली तंबाखू मळायची थांबवायचे. ती यादी संपली की पुन्हा मळायला लागायचे. मला ते बघवायचं नाही.

एकदा माझं डोकं फिरलं. गिरणी बंद केली, पिठाच्या हातांनीच बाहेर आले आणि विचारलं, "आनि आमच्या बाबांचं काय? ते काय डबा वाजवतात?"

मग दीर खाली बघत म्हणाला, "वैनी, ते अजून वाजवतात ना."

मला वाटलं, विषय टाळतोय. जळतात मेले, असं मनात म्हणून मी आत गेले. पण त्यानंतर मी सोडलं नाही. दर चार दिवसांनी टोमणा मारायचे. दिराचं पीठ मुद्दाम जाडं दळलं, हेही कबूल करते.

गेल्या वर्षी भात झोडताना बाबा खळ्यावर पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती उघडेनात. तरी ते एका गुरुवारी देवळात जाऊन बसले. दुसऱ्या अभंगालाच हात मागे पडू लागला. टाळकरी सांभाळून घेत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पखवाज शेजारच्या माणसाकडे सरकवला आणि टाळ घेतले. पुढच्या गुरुवारी मी कणीक मळून वाटी पुढे केली, तर म्हणाले, "नको गो." एवढंच.

मग महिनाभराने बाकड्यावर पुन्हा यादी निघाली. धरणवाल्यांनी डावखुरा घेतला, दिराने शिंपी घेतला, आणि धरणवाले म्हणाले, "तिसरे आपले बाबा."

"तिसरे का? दुसरे," दीर म्हणाला. "त्यांचा तो शेवटच्या चरणाला लय चढवतानाचा उठाव आठवा. तसा कुणाला जमला?"

मी गिरणी बंद केली. इतक्या वर्षांनी नाव निघालं होतं. मी हसतच बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी तंबाखू झटकली, टोपी डोक्यावर ठेवली आणि घराकडे चालायला लागले. "उठाव जमायचा", "थाप पडायची", "काय वाजवायचे", सगळं मागचं, सगळं संपलेलं, त्यांच्या पाठीमागून त्यांना ऐकू जात होतं.

"असं काय केलंत?" मी ओरडले.

"तूच मागं लागली होतीस बाय," धरणवाले म्हणाले. "अजून वाजवनाऱ्याला आमी मोजत नाय. उद्या आनखी चांगला वाजवला तर?"

मला त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून आला. मी ज्याला अपमान समजत होते तोच त्यांचा मान होता, आणि तो मी भांडून भांडून घालवला होता. खरं तर हात मोडला खळ्यावर, पण मला वाटत होतं की मीच त्यांना त्या यादीत ढकललं.

त्या दिवशी गुरुवार नव्हता. तरी संध्याकाळी मी गव्हाची कणीक मळली आणि वाटी बाबांसमोर आपटली. रागातच. म्हटलं, "डावा हात तर धड आहे ना?"

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग एक बोट कणकेत रुतवून म्हणाले, "सैल आहे." मी परत मळली. त्यांनी पखवाज काढला, डाव्या तोंडाला कणीक थापली आणि मला उजव्या बाजूला बसवलं.

"मी धूम काढतो, तू ता मार. दोन्ही मिळून धा होईल."

झाला नाही. माझा ता कधी आधी पडायचा, कधी नंतर. "पीठ चाळतेस काय?" ते खेकसले. माझी बोटं लाल झाली, पाठ भरून आली, आणि या माणसाने मला तासभर उठू दिलं नाही. शेवटी एकदा, एकदाच, धा झाला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मागून बाकड्यापर्यंत आले. मी त्या दोघांना सांगितलं, "बाबांचं नाव यादीतून काढून टाका. काल वाजवलाय त्यांनी."

"कसा वाजवला?" धरणवाल्यांनी विचारलं.

"वाईट. माझ्यामुळं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मग नाय मोजायचं," दीर म्हणाला.

बाबा बसले. तंबाखू काढली, मळायला लागले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भांडणात तोंड घातलं. म्हणाले, "तुमच्या त्या शिंप्याला डावा हातच नवता." दीर ताडकन उठला, धरणवाले हसायला लागले, तिघेही एकदम बोलू लागले, आणि मी आत जाऊन गिरणी सुरू केली.