पाणी प्यायल्यावर विचारलेला प्रश्न

सगळीकडून एकच उत्तर आलं की माझं डोकं फिरतं. माणसं इतकी एकमताची नसतात, निदान आमच्याकडची तरी नाहीत. प्रश्नावल्या तयार करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, उत्तराला किती पर्याय ठेवायचे, हे सगळं मी पेडण्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवते. त्या वर्षी लाटंबार्शातल्या एका वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, काम आलं. तिथल्या विहिरी खराब झालेल्या, म्हणून आठवड्यातून दोनदा टँकर जायचा. आता नळ पोचला होता. टँकर चालू ठेवायचा की बंद करायचा, हे पाणीपुरवठा खातं माझ्या पाहणीवरून ठरवणार होतं.

मी मन लावून काम केलं होतं, हे आधीच सांगते. घरपट्टीच्या यादीतून दर तिसरं घर उचललं. 'नळाच्या पाण्याबाबत आपण किती समाधानी आहात?' असा प्रश्न आणि खाली 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत पाच चौकटी. आधी मये गावात चाचणीही घेतली. तिथे पंचायतीच्या व्हरांड्यात बसून विचारलं, लोकांनी पाचही चौकटी वापरल्या, मी खूश झाले. वाड्यावर मात्र घरोघरी फिरले, आणि एकूण एक घरानं 'समाधानी'वर खूण करून खाली सही दिली.

अहवाल लिहायला बसले आणि चैन पडेना. अंगणात ओळीनं भरून ठेवलेल्या बालद्या सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या, वर फडकी बांधलेली. नळावर समाधानी असलेलं घर इतकं पाणी कशाला साठवून ठेवील? उठले, बसले, कागद पुन्हा मोजले, नवऱ्यावर उगाच खेकसले. तो म्हणाला, "लोकांक पाणी बरा लागता, तर तुज्या पोटात कित्याक दुखता?" माझा राग जास्तच वाढला. खात्यातल्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले; टँकरचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. तिसरा फोन यायच्या आत मी स्कूटर काढली आणि डिचोलीवरून पुन्हा वाडा गाठला.

पहिल्याच घरची काकी दोडामार्गाकडून लग्न होऊन आलेली, साठी ओलांडलेली. ती नळाचं पाणी पातेल्यावर फडकं धरून गाळत होती. फडकं तांबडं झालं होतं. मला पाहताच तिनं ते घाईघाईनं बाजूला सारलं, आत गेली आणि गुळाचा खडा नि पाण्याचा पेला घेऊन आली. पाणी अगदी नितळ.

"काकी, हे नळाचं?"

"नाय गो, टँकराचा. येणाऱ्या-जाणाऱ्याक ह्याच दितंव."

"मग त्या दिवशी नळाबद्दल समाधानी म्हणून कसं सांगितलंत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाय, तू घरात इलंस, माज्या हातचा पाणी पिलंस. मगे तुज्या तोंडार पाणी वायट म्हणान कसा सांगूचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी प्रत्येक घरी मी आधी पाणी प्यायले होते आणि रिकामा पेला खाली ठेवून लगेच पाण्याबद्दल विचारलं होतं. माझ्या माहेरी वेगळं काय चालतं? पाहुण्याच्या हातात पेला दिला की आपल्या विहिरीची रड कुणी सांगत नाही. बाहेरगावच्या माणसाला हे कळलं नसतं तर एक वेळ चाललं असतं. मी तर याच मुलखात वाढले.

पाच चौकटी बाजूला ठेवल्या आणि कोऱ्या कागदावर साधे प्रश्न लिहून विचारले. काल नळ किती वाजता आला? पाण्याचा रंग कसा होता? ते कशाला वापरलं? भात कुठल्या पाण्यात शिजवला? यात तिला कुणाचं मन राखायचं नव्हतं, त्यामुळे ती भराभर सांगत गेली. नळाच्या पाण्यानं कपडे आणि भांडी, चुलीवर फक्त टँकरचं. नातवाला नळाचं दिलं तर पोट बिघडतं, हेही तिनं सांगितलं. मग मी सहीसाठी पेन पुढे केलं, तर तिनं हात मागे घेतला.

"आदी त्या कागदार सही केलंय. आता ह्या वेगळा सांगतंय. मी खोटी ठरतलंय मगे? त्येच्यान टँकर बंद करतले?"

"नाही हो काकी, तसं काही होणार नाही," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. साहेब नेमकं हेच विचारणार होते, की आधीचं खरं की आताचं?

मी पिशवीतून तिचा जुना कागद काढला आणि त्यावर आडवं लिहिलं: हे उत्तर धरू नये, प्रश्न चुकीच्या रीतीनं विचारला, चूक विचारणारीची. खाली माझी सही केली. या खात्याचं पुढचं काम गेलं, हे लिहितानाच कळत होतं. तिनं अक्षरांवर बोट फिरवत सगळं वाचलं.

"ह्या सायब वाचतले मा?"

"वाचतील."

"मगे जरा मोठ्या अक्षरात लिही गो," ती म्हणाली.

मी ते सगळं पुन्हा, मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग तिनं पेन घेतलं.