बघायला गेलो आणि म्हैस अडली

आई दोन वर्षं माझ्यासाठी स्थळं शोधत होती, आणि तिची अट एकच होती. मुलगा शेतकरी नको. बाबा रेल्वेत होते. मी लहानाची मोठी रायपूरला, गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झाले, आणि बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही समता कॉलोनीत राहायला आलो. तिथल्याच एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसायचे. आमच्या घरात धान म्हणजे डब्यातले तांदूळ.

हे स्थळ आणलं बाबांच्या एका जुन्या सोबत्यानं. गाव उरल्याच्या कारखान्यांच्या पुढे तासाभरावर. घर मराठी, मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं आणि तेव्हापासून शेतीतच असलेलं. मुलगा बी.कॉम. झालेला. उरल्याच्या एका कारखान्यात ऑफिसात काही दिवस बसला, कंटाळला आणि शेतावर परत गेला. बाबांनी आईला आधी नुसतं बी.कॉम. एवढंच सांगितलं. बाकीचं गाडीत बसल्यावर सांगितलं, तेव्हा उरल्याची धूळ येते म्हणून काचा वर होत्या आणि आईला रागानं बाहेर बघण्याचीसुद्धा सोय नव्हती.

घर मोठं, सारवलेलं अंगण, पडवीत खुर्च्या मांडलेल्या. मुलाच्या आईवडिलांनी आमचं छान स्वागत केलं. आलूपोहा आला, चहा आला, पुन्हा चहा आला. मुलगा काही येईना. मुलाची आई दर थोड्या वेळानं म्हणायची, "आता येतेच, येऊनच राहिला." मुलाचे वडील बाबांशी पाण्यापावसाचं बोलत होते, पण त्यांचं लक्ष सगळं परसाकडे. आईनं पर्स मांडीवर घेतली. हे निघायचं लक्षण होतं.

शेवटी मुलाच्या वडिलांना राहवलं नाही. ते बाबांना म्हणाले, "भाऊ, खरं सांगतो. म्हैस अडली आहे. पहिलं वेत आहे. डॉक्टरले फोन केला, पण तो दुसऱ्या गावी आहे. पोरगा गोठ्यात आहे. त्याले इथं आणून बसवलं तर म्हैस हातची जाईल."

मी म्हटलं, मी बघून येऊ का. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, पण मी उठले होते.

गोठ्याच्या खुंटीवर एक इस्त्रीचा निळा शर्ट टांगलेला होता. आमच्यासाठी काढलेला असणार. त्याचा मालक बनियनवर, कोपरापर्यंत माखलेला, म्हशीच्या मागे बसला होता. रेडकाचे पुढचे दोन पाय बाहेर आलेले, त्यांना दोऱ्या बांधलेल्या. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्याच्या ध्यानात आलंच नसावं, किंवा आलं असेल तरी त्या वेळी त्याला त्याचं काही नव्हतं.

"दीदी," तो हिंदीत म्हणाला, "वो दूसरी रस्सी पकड़ लो." आणि लगेच मराठीत, "ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. आधी नाही."

मी दोरी धरली. म्हशीनं कळ दिली की ओढायचं, ती थांबली की थांबायचं. माझे तळवे लाल झाले. पाचसहा वेळा काहीच हललं नाही. मग एकदम नाकाडं दिसलं, कपाळ दिसलं, आणि पुढचं सगळं एका दमात घसरून खाली पेंढ्यावर आलं. मीही मागे बसकण मारली.

रेडकू हालचाल करेना. मुलानं हातानं त्याचं तोंड साफ केलं, फडक्यानं अंग घासायला लागला आणि मला म्हणाला, "पेंढ्याची काडी घ्या. नाकात घाला रेडकाच्या. खोलवर."

मी घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रेडकू जोरात शिंकलं. जे काही बाहेर आलं ते सगळं माझ्या नव्या ओढणीवर. मला हसू आणि रडू एकदमच आलं. दारात त्याची आई उभी होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अरे, दीदी काहून म्हणून राहिला तिले? हिलेच तर बघायचं होतं."

तो कानापर्यंत लाल झाला. म्हशीनं रेडकाला चाटायला सुरुवात केली म्हणून बरं, आम्हां दोघांना बघायला काहीतरी मिळालं.

अंघोळ करून, निळा शर्ट घालून तो पडवीत आला तेव्हा मोठी माणसं आत गेली. तो म्हणाला, "आधीच सांगतो, मी शेती सोडणार नाही. तुम्ही दवाखाना सोडा असंही म्हणणार नाही. सकाळची बस आहे." मी विचारलं, म्हैस आता काय खाईल. मग तो जे सुटला ते गूळ, बाजरी, बाळंतशोपा असं बोलतच राहिला, आणि मी ऐकत राहिले.

परतीच्या वाटेवर उरला आला तेव्हा आई म्हणाली, "पाहुण्यांसाठी म्हैस टाकून आला असता, तर मीच नाही म्हटलं असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पण तुले दीदी म्हणाला तो." बाबांना इतकं हसू आलं की त्यांनी ट्रकांच्या रांगेमागे गाडी बाजूला घेतली.

लग्न झालं. पहिल्या रोपणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, मी हौसेनं शेतात उतरले आणि गुडघाभर चिखलात अशी रुतले की दोन बायांनी काखेत हात घालून उपटली. त्या दिवसभर मलाच रोप म्हणत होत्या. सासरे, म्हणजे मामाजी, घरात छत्तीसगढी बोलतात. दवाखान्यात एका पेशंटला फोनवर मी "हो"च्या जागी "हव, हव" म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्यानं घराजवळच्या तुकड्यात धानाऐवजी झेंडू लावला. मामाजी पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. धानाच्या जमिनीत फुलं, हे त्यांना पटतच नव्हतं. जेवताना ते बोलायचे माझ्याशी आणि ऐकवायचे त्याला. दिवाळीच्या आदल्या दिवशी नवऱ्याला ताप आला, तेव्हा फुलं घेऊन रायपूरला जायला तेच निघाले, तोंड पाडून. मी सोबत गेले.

बाजारात फुलांच्या आणि हारांच्या टोपल्या मांडल्या आणि बायांची गर्दी झाली. एकीनं विचारलं, "बाबाजी, हे तुमच्या शेतातले?" मामाजी म्हणाले, हो, माझ्याच. दुसरीला त्यांनी ताजं फूल कसं ओळखायचं ते समजावलं, जे त्यांना सकाळी मुलानंच सांगितलं होतं. दुपारपर्यंत ते उभं राहून हाका मारायला लागले होते.

शेवटी एकच हार उरला. घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो ट्रॅक्टरला घालायला बाजूला ठेवायला सांगितला. मामाजींनी तो आपल्याच गळ्यात घातला आणि तसेच जेवायला बसले.