जानीने बुजवलेली भोकं

वांगणीच्या जानीला पाणी वाया गेलेलं बघवत नसे. भांडी विसळलेलं पाणी ती वेलाला घाली, आणि पाहुण्याने तांब्यात उरवलेलं पाणी पाहुण्यासमोरच परत कळशीत ओती. पाहुणे दुसऱ्यांदा यायचे ते तांब्या रिकामा करायच्या तयारीनेच. गावात हा तिचा गुण मानला जाई. मात्र याच गुणाने मध्यंतरी तिला आणि तिच्याबरोबरच्या सहा बायकांना पुन्हा वीटभट्टीचा रस्ता जवळजवळ दाखवला होता.

इकडच्या भागात दिवाळी झाली की माणसं भिवंडीकडे भट्टीवर जातात. त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. ‘कामाला गेला’ असं कोणी म्हणत नाही. वीस वर्षांत यंदाच पहिल्यांदा जानी जगायला गेली नव्हती, कारण जव्हारच्या रस्त्याला धर्मेंद्रशेठनी काकडीचं पॉलिहाऊस उभं केलं होतं आणि सात बायका कामाला घेतल्या होत्या.

त्या पॉलिहाऊसमध्ये मातीचं ढेकूळसुद्धा नव्हतं. नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या पांढऱ्या पिशव्या, आठ रांगा, रांगेला चाळीस. प्रत्येक पिशवीत काकडीची दोन झाडं, प्रत्येक झाडाला बारीक नळी, नळीतून दिवसातून सात-आठ वेळा खताचं पाणी. आणि पिशवीच्या खालच्या अंगाला तीन चिरा. जानीचं आणि शेतीशास्त्राचं वाकडं आलं ते या चिरांवरून.

“दिलेल्या पाण्यातला पाचवा हिस्सा खालून वाहून गेलाच पाहिजे, मावशी,” कमलेशने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कमलेश मोखाड्याचा, शेठनी देखरेखीला ठेवलेला, कृषी पदविकेचा कागद अजून कोराकरकरीत. “झाड सगळं खत खात नाही. उरलेलं मिठासारखं पिशवीत साठतं. ते धुऊन जायला पाहिजे. आणि गेलेलं पाणी परत वापरायचं नाही. त्याला वेस्ट म्हणतात.”

“मराठीत काय म्हंतात?”

“वाया.”

“मंग मराठीत तं चूकच हाय ना, सर.”

बायका हसल्या, कमलेशही हसला. जानी हसली नाही. चिरांमधून थेंब-थेंब पडत होता, खालच्या पन्हळीतून वाहत शेडबाहेरच्या खड्ड्यात जात होता. वांगणीत फेब्रुवारी सरला की बायका झऱ्याशी वाटीने पाणी भरतात.

तरी आठ दिवस तिने दम धरला. पण भातखाचराच्या बांधाला खेकडा भोक पाडतो, आणि वेळेत बुजवलं नाही तर सकाळी खाचर कोरडं. पोरवयापासून जानीने अशी भोकं बुजवली होती: चिखलात गवत कालवायचं, गोळा करायचा, दाबायचा. पाणी गळताना दिसलं की तिचा हात डोक्याला न विचारता चिखलाकडे जाई. एके दिवशी चौथ्या रांगेत तो गेला. मग पाचवीत. बारा दिवसांत पाच रांगांच्या चिरा बंद झाल्या. पिशव्यांच्या पोटाखाली कोण वाकून बघतंय? दुसरी-तिसरी अजून व्हायची होती. दाराजवळची पहिली मात्र तिने मुद्दाम सोडली, कारण तिथे कमलेशचा मापाचा जग ठेवलेला असायचा. सरांचा जग कोरडा कसा ठेवायचा?

कमलेश रोज त्याच जगातल्या पाण्याचा खारटपणा मीटरने मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि खूश व्हायचा. आकडा चांगला होता, झाडं मात्र मरायला लागली होती.

आधी पानांच्या कडा करपल्या. मग दुपारी माना टाकल्या, आणि गुरुवारी तर अकरालाच पाच रांगा पिळलेल्या फडक्यासारख्या लोंबल्या. शेठचा फोन आला: चार वाजता येतो, रोग असेल तर सगळं उपटा, शेड उतरवून नाशिकला न्यायची.

“पिशवी तर ओली गच्च आहे,” कमलेश पिशवी दाबत म्हणाला. “पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरतंय, असं कुठं असतं?” मग तो खत कालवणाऱ्या वर्षालीकडे वळला. “माप चुकलं असणार. दुसरं काही नाही.”

“मी मापानंच टाकलं, सर.” वर्षालीने मापाचं भांडं पुढे केलं. तिचं पोर यंदा पहिल्यांदा सलग शाळेत बसत होतं. “जानीकाकी, तू होतीस ना तिथं? सांग ना!”

जानी चौथ्या रांगेत जाऊन वाकली, पिशवीखाली बोट घातलं आणि चिखलाचा एक गोळा उकरला. आतून तपकिरी, आंबूस पाणी भळाभळा आलं. तिने बोट जिभेला लावलं. सुकट भिजवलेल्या पाण्यासारखं खारट.

मीठ. पोरगा मीठ म्हणाला होता.

तिने मागे पाहिलं. वर्षाली पदराने डोळे पुसत होती. गोळा परत बसवला असता तर चिखल कोणाचा हे कोणी विचारलंही नसतं.

“सर,” जानी म्हणाली, “ती खेकड्याची भोकं मी बुजवली.”

“कुठले खेकडे?” कमलेशने दचकून पायाखाली बघितलं.

तिने तळहातावरचा गोळा पुढे केला. कमलेशला उमगायला थोडा वेळ लागला, मग तो धावत मीटर घेऊन आला. दाराशी आकडा दोनच्या आसपास असायचा. इथे मीटर सातच्या पुढे गेला. कमलेश स्वतःच्या वहीकडे परक्या माणसाच्या वहीसारखा बघत राहिला.

“सगळ्या चिरा उघडा,” तो शेवटी म्हणाला. “साधं पाणी सोडा. आकडा तीनच्या खाली येईपर्यंत थांबायचं नाही.”

“किती पानी लागंल?”

“पिशवीला तीन-चार हंडे तरी.”

दोनशे पिशव्या. जानीने मनात हंडे मोजायला घेतले आणि सोडून दिले.

सात बायका पालथ्या पडून चिखल उकरू लागल्या. पंप सुरू झाला, आणि दीड वाजता वीज गेली. मग बायकांनी हंडे, बादल्या, चहाचं पातेलंसुद्धा घेतलं आणि टाकीपासून शेडपर्यंत खेपा सुरू केल्या. ओतायचं, खालून वाहून जाताना बघायचं, पुन्हा ओतायचं. जानी तोंड फिरवून ओतत होती.

“काकी, बघून ओत,” वर्षाली ओरडली. “अख्खा हंडा माझ्या पायावर!” रडून झालेल्या डोळ्यांनी ती हसत होती, आणि ते जानीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

आकडा साडेपाच. चार. बाहेरचा खड्डा भरून वाहू लागला. शेठ साडेतीनलाच आले. तेव्हा मीटर तीन पॉईंट दोनवर होता आणि झाडं होती तशीच लोंबत होती.

“कोणी केलं हे?”

कमलेशने तोंड उघडलं, पण जानी आधी बोलली. “मी. पानी वाचवाय गेले.”

“वाचवलंस की छान! उपटा सगळं.”

“उद्या दुपारपरत थांबा, शेठ. ऊन तापल्यावर झाड उभं असंल तं जितं हाय. पडलं तं मी माझ्या हातानं उपटीन आन् मंग जगायला जाईन. या पोरींना नका धाडू.”

शेठनी करपलेलं पान चुरगळलं, भरून वाहणारा खड्डा बघितला. “उद्या बारा,” म्हणाले आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी अकरापासून बायका रांगांच्या तोंडाशी उभ्या होत्या. बारा वाजले. चौथी आणि पाचवी रांग लोळलेलीच होती. सहावीने माना अर्ध्या उचलल्या होत्या. सातवी आणि आठवी ताठ. शेठ रांगांमधून दोनदा फिरले. “मेलेल्या दोन उपटून नवीन लावा,” एवढंच बोलले. दारातून मात्र परतले. “आणि ही बाई पिशव्यांना हात लावणार नाही. हिने फक्त गळणारं पाणी मोजायचं. आठही रांगांचं.”

जानीच्या वाट्याला असं पाणी मापून वाया घालवायचं काम आलं. सकाळी ती आठ जग घेऊन बसते. आकडे कमलेश लिहितो. आता तोही वाकून चिरा बघतो. एखाद्या पिशवीतून कमी गळलं तर जानी तिला झापते, “काय ग, कोनासाठी राखतेस?”

परवा वर्षालीने भरलेला जग खड्ड्यात ओतला आणि मुद्दाम म्हणाली, “बघ काकी, गेलं वाया.”

“वाया नाय,” जानी पुढचा जग उचलत म्हणाली. “जगायला गेलं. ते गेलं म्हून ही झाडं घरात बसलीत.”

बोलली खरी, पण ओतताना तोंड अजून फिरवतेच.