मोटेवर चढवलेला मारुती

तमाम वाचकांस कळविण्यात अत्यंत दुःख होते की, सणसरच्या एका भात्यापुढे जन्मलेली, दीड महिन्याच्या अल्प आयुष्यात चार-चार मण वाळू हसतमुखाने उचललेली, आणि साक्षात मारुतीरायाला आकाशातून उतरवण्यासाठी नेमलेली एक लोखंडी कडी ऐन जत्रेत, भर नाटकात, दोन तुकडे होऊन निवर्तली. तिच्यामागे तिचा कर्ता म्हणजे मी, एक पैलवान आणि दोन बैल एवढा परिवार आहे.

सन पन्नासच्या पुढची ही गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि फिटरचं सर्टिफिकेट घेऊन नुकताच गावी आलो होतो. हे सर्टिफिकेट आईने काच लावून देवघराशेजारी टांगलं होतं. त्यामुळे गावात कुणाचं कुलूप अडकलं तरी मला बोलावणं यायचं. जत्रेला रामायणातलं नाटक बसवायचं ठरलं, तेव्हा नाटकाचे कारभारी आबा घरी आले आणि म्हणाले, "आवंदा मारुती चालत यायचा न्हाय. उडत आला पायजे. तू शिकल्याला हायस, काय तरी कर."

मी काय केलं? मोट केली. विहिरीवरची मोट ज्या रीतीने वर येते, त्याच रीतीने मारुती वर न्यायचा. स्टेजवर आडवी तुळई, तुळईला मोटेचं चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला माझी कडी आणि दुसऱ्या टोकाला, स्टेजच्या मागे, आबांची बैलजोडी. बैल पुढं गेले की मारुती वर, ढगांच्या पडद्याआड. बैल मागं सरले की मारुती खाली. बैलांना यात नवीन काहीच नव्हतं. फक्त पाणी कुठं गेलं, एवढंच त्यांना कळत नव्हतं. गॅसबत्त्या पाहून ते बुजत, म्हणून नाटक दुपारी ठेवावं लागलं.

मारुती होता गावचा पैलवान, वजन अडीच मण. छाती डोंगराएवढी, पण उंचीला भलताच भ्यायचा. रोज म्हणायचा, "फिटर, तुटंल का रं?"

"पैलवान," मी म्हणायचो, "तुमी अडीच मण. मी चार मणांचं पोतं टांगून दाखवतो."

आणि दाखवायचो. वाळूचं पोतं वर, खाली, वर, खाली. रोज पन्नास वेळा. बैल हिसका देत, कडी केसभर उघडायची, पोतं टेकलं की पुन्हा मिटायची. मला वाटे, काय लवचिक काम आहे! या कडीच्या वळणावर मी छिन्नीने 'जय बजरंग' कोरलं होतं, तेही चांगलं खोल, लांबून वाचता यावं म्हणून.

आता यात माझा जीव कशात अडकला होता ते सांगतो. बारामतीला एका इंजिन दुरुस्तीच्या दुकानात मी एकदा पिस्टनच्या रिंगा आणायला गेलो होतो. मालक बाहेर गेले होते आणि त्यांची मुलगी गल्ल्यापाशी बसली होती. तिने विचारलं, "कुठल्या मापाच्या?" मला माप आठवेना. मी हातानेच दाखवलं. ती म्हणाली, "ही बांगडी झाली." त्या क्षणापासून मला दुसरी कुठलीही मुलगी दिसेनाशी झाली. मामाने मध्यस्थी केली, आणि मुलीचे वडील म्हणाले, "जत्रेला येतो. घर बघतो, पोरगं बघतो. मग बोलू."

ते आले. धोतर, कोट, आणि नखांत पिढीजात ग्रीस. घर बघून झालं, आईने पुरणपोळी वाढली. देवघराशेजारचं सर्टिफिकेट त्यांनी पाहिलं, पण वाचलं नाही. नाटकाला तासभर होता. मी त्यांना मोठ्या डौलात स्टेजमागे नेलं.

ते सगळं बघून हसले. चाक बघितलं, नाडा बघितला, बैलाच्या पाठीवर थाप मारली. मग कडीपाशी थांबले. "पोतं किती वेळा उचललं?"

"रोज पन्नास वेळा!" मी छाती काढून म्हणालो. "दीड महिना. एक दिवस खाडा न्हाय."

त्यांचं हसू गेलं. "पाव्हणं, तार तोडायची हाय आन् जवळ पक्कड न्हाय. काय करता?"

"सोपं हाय. इकडं वाकवायची, तिकडं वाकवायची. धा-पंधरा वेळा केलं की तुटती."

"मग दीड महिना तुमी काय करत व्हता?"

ते बोलत राहिले. लोखंड एकदा मोठं वजन उचलतं, त्याचं काही नाही. पण तेच वजन द्या-घ्या, द्या-घ्या केलं, की आत कुठं तरी केसाएवढी चीर पडते आणि रोज मुंगीच्या पावलाने पुढं सरकते. वरून कडी गोरीगोमटी दिसते. त्यांच्याकडे येणारे इंजिनांचे कितीतरी दांडे असेच तुटलेले असत. जड काम कधीच न केलेले, नुसते फिरून फिरून.

मग त्यांनी रॉकेल मागवलं. कडी रॉकेलात बुडवली, फडक्याने कोरडी पुसली आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही तिघं, ते, मी आणि अर्धा शेंदूर फासलेला पैलवान, श्वास रोखून बघत होतो. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. बरोबर माझ्या 'जय बजरंग'मधून निघालेली, अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली.

पैलवानाने कमरेची शेपटी सोडून बाजूला ठेवली.

"तासभर निवांत ठेवली तर?" मी विचारलं.

"ती काय बाळंतीण हाय व्हय? चिरलं ते चिरलं."

माझ्या डोळ्यांपुढे सर्टिफिकेट फुटलं, स्थळ मोडलं, बांगडी गेली. एक मन म्हणालं, गप्प बस, एकदाच तर उतरायचंय. पण पैलवान माझ्याकडे असा बघत होता, की मी सरळ आबांकडे गेलो आणि सगळ्या पात्रांसमोर, पाहुण्यांच्या देखत, म्हणालो, "माझी कडी खराब हाय. मीच कोरून आन् वापरून खराब केली. पैलवान चालत येईल."

आबा अर्धा तास माझ्या शिक्षणाचा उद्धार करत होते. शेवटी म्हणाले, "निदान डोंगर तरी आभाळातनं येऊ दे!" डोंगर म्हणजे बांबू, गोणपाट आणि कडुलिंबाचे डहाळे, सगळं मिळून दहा शेर. पाहुणे म्हणाले, "ह्या कडीवर डोंगर चालंल. पर खाली कुणी नको."

लक्ष्मणाला बाजूला निजवलं. लक्ष्मण होते शाळेतले गुरुजी. पण मूर्च्छेत असताना आपण लोकांना दिसत नाही, हे त्यांना सहन होईना. शोक ऐन रंगात आलेला, रामाने डोळ्यांना उपरणं लावलेलं, आणि गुरुजी डोळे मिटून इंचाइंचाने मधोमध सरकत होते. मी विंगेतून हात हलवतोय, पण मूर्च्छित माणसाला कसं दिसणार?

मारुती चालत आला, आभाळाकडे बोट केलं आणि गरजला, "हा पाहा द्रोणागिरी!" बैल मागं सरले. ढगांतून डोंगर निघाला, हातभर उतरला आणि कट्ट! चार मणांना न मोडलेली कडी दहा शेरांना मोडली, आणि द्रोणागिरी लक्ष्मणाच्या पोटावर पडला.

लक्ष्मण ताडकन उठून उभा राहिला.

वैद्याने अजून पुडीसुद्धा सोडली नव्हती. बायकांतून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "आगं बया! लगीच गुण आला!" मग जी हशाची लाट उठली, तिच्यात राम, सुग्रीव, वानरसेना सगळे वाहून गेले. पैलवान मात्र हसत नव्हता. तो डोंगराकडे बघत स्वतःचं पोट चाचपत होता.

कडीचा एक तुकडा उडून पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या पायांशी पडला. त्यांनी तो उचलला, तुटलेली बाजू उन्हात धरली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विंगेत खांबाला टेकून उभा होतो, पळायला रस्ता शोधत.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, कुणी घडवली ही कडी?"

आणि पाहुणे तुकडा उंच धरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलून गेले, "आमच्या जावयानं!"