समोरच्या बिछायतवाल्याच्या खुर्च्या

वडनेरात आमच्या बिछायत केंद्रासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरं बिछायत केंद्र होतं. मंडप, खुर्च्या, स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. गाव एक, लग्नं तीच, आणि आम्ही दोघं. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. मी मात्र त्यांच्याशी बोलतच नव्हतो, तेव्हा काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. भांडण असं कधी झालं नव्हतं. त्यांनी कूलर घेतले की मी घ्यायचो. मी झालरीचं नवं कापड आणलं की आठ दिवसांत तसंच कापड त्यांच्या दारात दिसायचं. आणि लगीनसराई संपली की दोघांचंही सामान धूळ खात पडायचं.

एका उन्हाळ्यात माझ्याकडच्या एका लग्नात पाहुणे अंदाजापेक्षा फार आले. शंभरेक खुर्च्या कमी पडल्या. एरवी अशा वेळी मी हिंगणघाटहून मागवायचो आणि टेम्पोचं भाडं देता देता हातात काही उरायचं नाही. त्या दिवशी तर तेवढा वेळही नव्हता, वरात निघाली होती. मी फोनवर फोन लावत होतो. बायको म्हणाली, "समोर खुर्च्या पडून हायेत. तिकडं काऊन नाई विचारत?"

"तो देईन मले?"

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. सरळ त्यांच्या घरी गेली.

अर्ध्या तासात खुर्च्या आल्या. सोबत दादा स्वतः. शेवटची खुर्ची उतरवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि एवढंच म्हणाले, "वापस करताना धुऊन देजो."

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या खुर्च्या घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्या गोदामात पाय ठेवला. मला वाटलं, माझ्याच गोदामात उभा आहे. तेच कूलर, तीच झालर, भात शिजवायचे तसेच पाच मोठे गंज. एका लग्नाला तीनच्या वर गंज कधी लागले नव्हते, आणि आम्ही दोघं मिळून दहा बाळगून होतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादांनी बोटानं गंज मोजले. मग हसायलाच लागले. "इतके दिवस आपण दोघंही येडेच होतो रे."

चहा होईतो ठरलं. यापुढं भांडी त्यांनी घ्यायची, मंडपाचं सामान मी. टेम्पो एकच ठेवायचा. कामाची माणसंही दोघांत मिळून. सुरुवातीला कुरबुरी झाल्या. एकदा माझ्याकडच्या कामात त्यांच्या गंजाला पोचा आला, तर दादा दोन दिवस गाल फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "चहा घ्याले ये."

पुढं त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तारीख निघाली ती नेमकी मी दुसऱ्या घरचं काम घेतलेल्या दिवसाची. मी ते काम सोडायला निघालो, तर दादांनी अडवलं. "गिऱ्हाइकाले नाई म्हणू नको. त्याचं लगन दुपारचं, आपलं संध्याकाळचं. होऊन जाते सगळं."

दुपारचं लग्न आटोपून खुर्च्यांनी भरलेला टेम्पो आम्ही त्यांच्या मंडपाशी आणला. दादा नवा कोरा सदरा आणि फेटा घालून पाहुण्यांत उभे होते. टेम्पो दिसताच त्यांनी बाह्या वर सारल्या आणि खुर्च्या उतरवायला लागले. व्याही बघतच राहिले. माझ्या बायकोनं त्यांच्या हातातली खुर्ची काढून घेतली.

"दादा, आज तुमी पोरीचे बाप. जा, तिकडं बसा."

"मले मंडपात बसता येते काय बाई?"

ते हसत म्हणाले. हा माणूस इतकी वर्षं लोकांच्या लग्नात नुसता उभाच होता. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. गुडघ्यांवर हात ठेवून ते लेकीकडं पाहत बसले, मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत.

यंदा आम्ही दोघांत मिळून जनरेटर घेतलाय. माझ्याकडं जागा नाही, म्हणून तो त्यांच्या अंगणात असतो. नीट चालला की दादा त्याला "माझा जनरेटर" म्हणतात. बंद पडला की मला फोन येतो, "तुझा जनरेटर पाहून जाय."