तुळशीशेजारचा मिठाचा खड्डा

जगन्मातेच्या चरणी मस्तक ठेवून आणि वाणीची अधिष्ठात्री जी शारदा तिला वंदन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, धुळ्याच्या ज्या देवीमंदिरात मी पुष्कळ वर्षे चैत्र नवरात्रात प्रवचने केली, त्या मंदिराची स्मरणिका निघत आहे आणि विश्वस्तांनी माझ्याकडे ‘एखादी गोड आठवण’ मागितली आहे. गोड आठवणी माझ्यापाशी आहेत. परंतु लेखणी हाती घेतली की जी सर्वांच्या पुढे येऊन उभी राहते ती कडू आहे, आणि तिच्यातला संताप इतक्या वर्षांत निवलेला नाही. त्या सभामंडपात, गिटारची घरघर थांबवण्याच्या नादात, माझी मुलगी मरता मरता वाचली.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही जळगावला राहत होतो. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. मुलगी एका पाइप कारखान्याच्या कार्यालयात टंकलेखिका होती आणि गावातल्याच एका ऑर्केस्ट्रातील वादकाकडून गिटार शिकली होती. हे वाद्य घरात आले तेव्हा मी नाराज होतो, हे कबूल करतो. पण मी रचलेल्या देवीच्या अकरा श्लोकांना तिने चाल लावली आणि एका संध्याकाळी ती मला ऐकवली. त्या दिवसापासून मी त्या वाद्याला मनोमन वीणेच्या कुळात घेतले. अष्टमीच्या संध्याकाळी देवीपुढे तिने हे श्लोक गावेत आणि स्वतःच वाजवावेत, असे ठरले.

ऑर्केस्ट्राचा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला, गोधडीत गुंडाळला आणि एस.टी.च्या टपावर घालून पारोळ्यामार्गे धुळ्यास नेला. तिच्याजवळ आणखी एक पेटी होती. पोथीएवढी, पायाने दाबायच्या कळांची. गिटारची वायर आधी या पेटीत जाई आणि पेटीतून अ‍ॅम्प्लिफायरला. तिच्यातून निघालेला स्वर गाभाऱ्यात घुमून आल्यासारखा लांबत असे.

सप्तमीस दुपारी आम्ही मंडपात सर्व जोडणी केली. कळ दाबताच ‘घूंऽऽ’ असा जो आवाज सुरू झाला, तो थांबेना. दळणाच्या गिरणीशेजारी उभे राहून स्तोत्र म्हणावे तसे वाटू लागले. मुलीने शांतपणे एकेक उपाय केला. जवळच्या ट्यूबलाइटी बंद केल्या. पेटीचा अ‍ॅडॉप्टर गिटारच्या वायरीपासून दूर सरकवला. लांब वायर काढून आखूड लावली. अ‍ॅम्प्लिफायरचे पहिले बटण खाली घेतले आणि तेवढाच आवाज पेटीतून वाढवला. त्यामुळे बारीक सरसर होती ती गेली. घरघर मात्र राहिली. शेवटी तिने पेटी बाजूला काढून गिटार सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. तरीही तेच.

“नाना, दोष पेटीचा नाही. इथल्या विजेच्या लाइनीचा आहे,” ती म्हणाली. “कुणी जाणकार बघायला हवा.”

तेवढ्यात मंदिराचे कार्यवाह आले. कानांवर हात ठेवून म्हणाले, “गुरुजी, देवीपुढे हे? त्यापेक्षा मुलीला नुसते गाऊ द्या. साथीला हार्मोनियमवर आमचे बुवा आहेत.”

मुलीचा चेहरा उतरला. मला ते सहन झाले नाही. जाणकार शोधण्याचा धीर त्या क्षणी माझ्यापाशी उरला नाही. मांडवाचा माईकवाला खांबाला टेकून उभा होता, त्याला मी म्हणालो, “काय वाटेल ते कर, पण हा आवाज बंद कर.”

त्याने अ‍ॅम्प्लिफायरची पिन बोर्डातून उपसली, पक्कड घेतली आणि तीन पायांपैकी वरचा जाड पाय कडकन मोडून टाकला. पिन पुन्हा खोचली. घरघर जवळजवळ नाहीशी झाली.

“तिसरी पिन काय कामनी शे, आबा? बठ्ठा मांडववाला असंच करतस,” तो हसत आपल्या अहिराणीत म्हणाला. सगळेच मांडववाले ती मोडतात म्हणे.

मी त्याला शाबासकी दिली. देवीपुढचा नारळ उचलून त्याच्या हातावर ठेवला. 

मुलगी गिटार घेऊन माईकपुढे उभी राहिली. डावा हात तारांवर होता. पहिला श्लोक उचलण्यासाठी ती पुढे झुकली, तिचे ओठ माईकच्या जाळीला टेकले आणि निळी ठिणगी उडाली. मुलगी मागे फेकली गेली. गिटार फरशीवर आपटली. मी धावलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण शब्द फुटत नव्हता. खालच्या ओठावर जळल्याचा काळा ठिपका होता.

काही वेळाने तिने पाणी मागितले. मग माझा राग जो उसळला तो आवरेना. शांत म्हणून मला लोक ओळखत. त्या दिवशी मी माईकवाल्याला जे बोललो, ते या पानावर लिहिण्याजोगे नाही.

तो मान खाली घालून म्हणाला, “आवाज बंद पाहिजे व्हता ना तुमले? कया ना बंद.”

आणि कार्यवाह काय म्हणाले? “गुरुजी, देवीलाच हे वाद्य मान्य नव्हते. तिने कौल दिला.”

याचा राग मला पहिल्याहून अधिक आला. मोडलेली पिन समोर पडलेली असताना जगन्मातेचे नाव घ्यायचे! आपला हलगर्जीपणा आईच्या माथी मारणे हीच जर भक्ती असेल, तर नास्तिक बरे. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो. आज पुन्हा लिहितो.

मंदिरामागच्या गल्लीत एका वृद्ध चाचांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलो. त्यांनी होल्डरमध्ये बल्ब लावला. त्याची एक वायर बोर्डाच्या चालू छिद्रात आणि दुसरी अर्थच्या, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या तारेच्या, जाड छिद्रात घातली. बल्ब पेटला नाही.

“अर्थ मेलाय, गुरुजी,” ते म्हणाले. “पिन तोडली म्हणून गिटार आन् माईक यांच्यामधी करंटला पोरीच्या अंगातनं वाट मिळाली, ते खरं. पण पिन शाबूत असती तरी भरोसा नव्हता. तुमच्या मंडपातल्या त्या मोठ्या कूलरचा करंट गळून ह्याच तारेत उतरतो. जमिनीत जायची वाट नाही, म्हणून तारेतच फिरतो, आन् तेच तुम्हाला ऐकू येत होतं. अर्थचा खड्डा कुठंय?”

 झाडलोट करणारा म्हातारा सेवेकरी पुढे आला. “खड्डा तुळशीजवळ होता. मी दर आठवड्याला मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतायचो. गुरुजींनीच बंद करायला लावलं.”

ते खरे होते. दोन वर्षांपूर्वी तुळस वाळू लागलेली पाहून मी त्या गरिबावर कडाडलो होतो, ‘वृंदावनाच्या मुळाशी मीठ घालतोस?’ त्याने काही सांगण्याचा प्रयत्न केला, तोही मी ऐकला नव्हता. मीच विश्वस्तांना सांगून त्या जागेवर शहाबादी फरशी बसवून घेतली आणि त्या पावित्र्यरक्षणाचा उल्लेख प्रवचनातही केला. दोन उन्हाळ्यांत खाली सारे ठणठणीत कोरडे झाले आणि कोरडी माती वीज घेईना.

चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, “करंटलापण घरी जायचं असतं, गुरुजी. तुम्ही दारावर फरशी टाकली.”

माईकवाल्यावरचा माझा राग त्यामुळे कमी झाला नाही. फक्त त्या रागापुढे त्याच्या शेजारी मीही उभा राहिलो. फरशी मी स्वतः पहारीने उचकटली. तुळस विधिपूर्वक दुसऱ्या जागी नेली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरले, आणि चैत्रातल्या टंचाईत शेजारच्या घरांतून मागून आणलेल्या घागरी ओतल्या. माती पाणी पीत राहिली. दिवस मावळण्याच्या सुमारास चाचांचा बल्ब पेटला.

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला नवी पिन बसवली, आणि अ‍ॅम्प्लिफायर, पायाची पेटी व माईकचे यंत्र ही तिन्ही एकाच बोर्डावर घेतली. कूलरला त्या बोर्डावरून हाकलले. घरघर गेली. कान देऊन ऐकले तर वाळू ओघळावी एवढीच सरसर उरली होती.

रात्रीच्या जेवणावेळी मी मुलीला म्हणालो, “उद्या त्या तारांना हात लावायचा नाही. नुसते गा.”

तिचा ओठ सुजला होता. ती म्हणाली, “खड्डा तुम्ही बुजवलात, नाना. आता वाजवू नको, हेही तुम्हीच सांगणार?”

 मला राग येत होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

अष्टमीला तिने आधी चाचांकडून तारा आणि माईक यांमध्ये टेस्टर धरून खात्री करून घेतली, मग देवीला नमस्कार केला आणि वाजवू लागली. लोक सांगतात, फार सुंदर झाले. दोन श्लोकांमधल्या विरामात समईची वात फुरफुरलेली ऐकू येत होती म्हणे. मी माझे श्लोक ऐकलेच नाहीत. पूर्ण वेळ मी देवीकडे पाठ करून मेन स्विचच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो आणि मुलीच्या ओठांवरची नजर हलवीत नव्हतो. मी केलेल्या सर्व उपासनेत एवढी एकाग्रता मला दुसऱ्या वेळी साधली नाही.

वाचकहो, ती भक्तवत्सल माता तुमच्या लेकीसुनांना, मुलाबाळांना दीर्घायुष्य देवो. तुमच्या घरात गाणे राहो. आणि घरातले हाताखालचे माणूस काही सांगू पाहील, तेव्हा ते ऐकून घेण्याची बुद्धी तुमच्या वडीलधाऱ्यांना वेळेवर होवो.