उजव्या खिशातला चिंचोका

शनिवारची सकाळची शाळा, घरी आल्यावर वांग्याची भाजी, दोन भाकरी आणि वर गार ताक. एवढं पोटात गेल्यावर झोप येणार नाही तर काय होणार! देवयानी अंगणातल्या खाटेवर आडवी होते, हिवाळ्याचं ऊन पायांवर ओढून घेते. जर्किन मात्र काढत नाही. जर्किनच्या डाव्या खिशात तिची मूठ आहे आणि मुठीत नऊ चिंचोके.

आतून मोरेश्वरकाकाचा आवाज येतो. "वहिनी, चहा लवकर ठेवजा. चार वाजता एकसष्ट नंबरच्या टॉवरवर चढाचं आहे."

"लाइन बंद करून ना, भाऊजी?" आई विचारते.

"चालूच ठेवून. एक क्लॅम्प तर आवळाची आहे. माळ ओके आहे, कालच पाहिली आपल्या सायबीणबाईनं."

सायबीणबाई म्हणजे आपली देवयानीच. ती मूठ आणखी आवळते. झोप मात्र अशी दांडगी, की आवळलेल्या मुठीतही उतरते.

काल झालं ते असं. काका हाय व्होल्टेज लाइनखालून पायी फिरतो आणि दुर्बिणीनं डिस्क तपासतो. तार टॉवरला थेट बांधत नाहीत. मधे चिनी मातीच्या नऊ तपकिरी डिस्कची माळ असते, ती विजेला टॉवरच्या लोखंडात उतरू देत नाही. ह्या भागात सिमेंटची धूळ डिस्कवर बसते, धुक्यानं भिजते आणि प्लास्टरसारखी घट्ट होते. मग एखादी डिस्क आतून निकामी होते. काल सुट्टी होती म्हणून देवयानी काकासोबत गेली. मागच्या महिन्यापर्यंत वर्गात हजेरी देताना जिचा घसा बसायचा, ती आता वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेली. तिला कोण अडवणार? एकसष्टच्या तीन माळांपैकी बाजूच्या दोन काकानं स्वतः पाहिल्या आणि मधली तिला दिली.

आणि तिनं बाबांचे चिंचोके आणले होते. बाबा तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेले. त्याआधी वीस वर्षं हीच लाइन त्यांची. त्यांची रीत ठरलेली. नऊ चिंचोके उजव्या खिशात, एक डिस्क धड दिसली की एक चिंचोका डाव्या खिशात. डिस्क खराब निघाली तर तिचा चिंचोका उजवीकडंच राहायचा, ती बदलेपर्यंत. तोवर बाबा जेवायला बसले तरी घास मोजून खायचे.

काल एकसष्टखाली देवयानी काकाला आपलं भाषण ऐकवत होती. परीक्षक कसे टक लावून बसले, टाळ्या कशा थांबेनात. दुर्बीण डोळ्यांना होती, पण डोळे टाळ्यांत. दोन डिस्क मोजल्या, तिसरीच्या वेळी डोळ्यांवर सूर्य आला, आणि तिनं उरलेले सातही चिंचोके एका मुठीत इकडून तिकडे टाकले. "नऊ ओके, काका!" काकानं पर्चीवर लिहिलं, सही केली. तेव्हापासून घरात कुणी देवयानीची बडबड ऐकलेली नाही.

खाटेची दोरी पाठीला रुतते. दोरी कुठली, ह्या तर शाळेच्या स्टेजच्या फळ्या. समोर माइक गुणगुणतो आहे. शंभर खुर्च्या रिकाम्या आणि पहिल्या रांगेत एकटे बाबा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तिला कुसळं चिकटलेली, मांडीवर पाण्याची कॅन. ते गेलेले आहेत हे देवयानीला पक्कं माहीत आहे. तरी तिला पहिला विचार येतो, की ही कुसळं आता आईला काढावी लागणार.

"मधली माळ सांग," बाबा म्हणतात.

"आदरणीय व्यासपीठ..."

"व्यासपीठ नोको, माय. माळ सांग."

ती खाली बघते. फळ्या नाहीत. ती टॉवरच्या लोखंडी हातावर बसली आहे, पाय अधांतरी, आणि खूप खाली आईचं अंगण रुमालाएवढं दिसतं आहे. बाबा शेजारी बसले आहेत, बांधावर बसावं तसे. पुढ्यात माळ लोंबते आहे. डिस्क कसल्या, घरातल्या ताटल्या त्या, तपकिरी झालेल्या, प्रत्येकीवर राखाडी खरपुडी.

"भ्या वाटते काय?"

"नाही," ती म्हणते. खोटं.

"मले वाटे. रोज वाटे." बाबा लांब काठी पुढं करतात, तिच्या टोकाला बेचकीसारख्या दोन तारा. "कान दे."

तारा पहिल्या डिस्कला टेकतात. चर्रर्र! देवयानी दचकते. बाबा तिच्या डाव्या खिशाकडं बघतात, आणि खिशात एक चिंचोका वाजतो. दुसरी डिस्क. चर्रर्र. तिसरी, चौथी. टक, टक.

पाचवी गप्प.

"ही शहाणी!" देवयानी खुश होते. "बिलकूल कटकट नाही. ओके!"

बाबा काठी तिथंच धरून ठेवतात. "उलटं समजली तू. जे बोलते ते जित्तं. गप बसते ते मेलं."

"मग मी तर भल्ली जित्ती, बाबा!"

"हो का? कालपासून किती बोलली?"

ती काठी हिसकून घेते आणि बेचकी आपल्याच जर्किनला लावते. चर्र... इतकं बारीक, की माशी वाटावी. मग, लावू नये हे कळत असूनही, ती बाबांच्या सदऱ्याला लावते.

काहीच नाही. खालून वारासुद्धा येत नाही.

"ते तर तुले ठाऊकच होतं ना," बाबा हळूच म्हणतात आणि तिच्या बाहीवरचं एक कुसळ काढतात. "पाह्य, खाली कोण येऊन राहिलं."

खालून मोरेश्वरकाका चढतो आहे. हेल्मेट, पट्टा, तोंडात शिट्टी. माळेच्या बाजूला येतो, पाचवीच्या अगदी समोर, आणि हात लांबवतो.

काका, थांब! देवयानी ओरडते. पण माइकमधून निघतं, "सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो!" खाली शंभर खुर्च्या टाळ्या वाजवतात. काका मान वर करून हसतो, शाब्बास म्हणतो. ती काठी त्याच्या छातीकडं नेते. बोल काका, बोल. चर्र तरी कर. एक वीत. चार बोटं. एक बोट. ती श्वास धरून कान देते...

काडकाड! काकाच्या मोटरसायकलची किक.

ऊन पायांवरून भिंतीवर गेलं आहे. घराचं दार उघडं, आई चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यात. देवयानी उठून बसते आणि सवयीनं हात खिशात घालते. डाव्या खिशात चिंचोके. ती मोजते. आठ. पुन्हा मोजते. आठच. खाटेखाली बघते, काही नाही. मग उजवा हात उजव्या खिशात जातो, एकेक बोट सरकत.

तिथं एक आहे. कोमट.

ती अनवाणी धावते. "काका, थांब!" ह्या वेळी शब्द बरोबर निघतात.

"काय वं, सपन पडलं काय?" काका दुसरी किक मारायला पाय उचलतो. ती त्याच्यासमोर तळहात उघडते. तळहातावरचा एकटा चिंचोका काका बघतो, मग तिचा उजवा खिसा बघतो. पाय खाली टेकतो. भावाचे चिंचोके त्याला सांगावे लागत नाहीत.

"कितवी?"

"माहीत नाही." तिला रडू येतं, पण ती थांबत नाही. "मी मोजल्याच नाही, काका. दोन मोजल्या अन् बाकीचे सगळे एकदम टाकले. भाषणाचं सांगून राहिली होती ना मी. ओके मी खोटंच म्हटलं."

काका गप्प. देवयानी त्याच्या शर्टाच्या खिशाकडं टक लावून बघते, कान देऊन.

"गधडे!" काका कडाडतो. "मेलो असतो ना मी! तुले मजाक वाटते काय? आजपासून दुर्बिणीले हात लावशील तर पाह्य!"

आणि देवयानीला, रडता रडता, हसूच फुटतं. काका बोलला. भल्ला बोलला.

तो फोन लावतो. "साहेब, एकसष्टवर कोणीच चढू नका. आधी काठी लावाची आहे, नऊच्या नऊ डिस्कले." पलीकडून कुणीतरी तापतं. काका ऐकून घेतो. "नाही, साहेब. चूक माझी. पर्चीवर सही माझी आहे."

फोन ठेवून तो हात पुढं करतो. देवयानी चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवते. काका तो उलटून पालटून बघतो आणि आपल्या उजव्या खिशात टाकतो.

आईनं दिलेला चहा तो दोन घोट घेतो, आणि बाकीचा तसाच ठेवतो.